ग्रॅज्युएट रेकॉर्ड परीक्षा : पूर्वतयारीचा इतिहास

ग्रॅज्युएट रेकॉर्ड परीक्षा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मागणाऱ्या पदवीधरांची प्रमाणीकृत कसोटी. ‘जी. आर. ई.’ या आद्याक्षरांनी ती भारतातही सर्वपरिचित आहे. वैद्यक, विधी व व्यवस्थापन या विद्याशाखांच्या प्रवेशासाठी प्रामुख्याने वेगळ्या कसोट्या आहेत. इतर बहुतेक विषयांच्या बाबतीत अनेक दशके हीच कसोटी प्रमाण मानली गेली. प्रस्तुत नोंदीत तिच्या पूर्वतयारीचा, विशेषतः थोड्या अवधीत कराव्या लागणाऱ्या तयारीचा, इतिहास दिला आहे. या कसोटीच्या कर्त्यांची मूळ भूमिका अशी होती, की दीर्घकालीन शिक्षणातून घडलेली पात्रता ती मोजते. तेव्हा काही आठवड्यांच्या खटपटीने गुणांत फारसा फरक पडू नये. ही भूमिका खरी असेल, तर शिकवणीसाठी पैसा व सवड असणारा उमेदवार आणि ती नसणारा उमेदवार यांना समान न्याय मिळतो. खरी नसेल, तर मिळत नाही. त्यामुळे तयारीचा प्रश्न हा केवळ उमेदवाराच्या सोयीचा न राहता कसोटीच्या न्याय्यतेचाच प्रश्न ठरतो.

पूर्वपीठिका : हा वाद जी. आर. ई.पेक्षा पुष्कळ जुना असून त्याचा एक धागा भारताशी निगडित आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार भारतीय मुलकी सेवेसाठी लंडन येथे १८५५ पासून स्पर्धापरीक्षा सुरू झाली. उथळ ज्ञानास गुण मिळू नयेत, सखोल व्यासंगालाच ते मिळावेत, असा समितीचा कटाक्ष होता. तथापि परीक्षा सुरू होताच तिच्यासाठी उमेदवार तयार करून देणाऱ्या खासगी शिकवण्या लंडनमध्ये निघाल्या. वॉल्टर रेन याची शिकवणी त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. प्राचीन भाषा, गणित, इतिहास इ. विषयांचे परीक्षेला हवे तेवढेच ज्ञान ठराविक महिन्यांत उमेदवाराच्या गळी उतरविणे, हे या शिकवण्यांचे कसब होते.

भारतीय उमेदवारांना तर वयोमर्यादेमुळे वेळेची टंचाई अधिकच जाणवे. सागरप्रवास, परक्या देशातील वास्तव्य आणि अपरिचित अभ्यासक्रम या सर्वांना तोंड देऊन एकविसाव्या वर्षापर्यंत परीक्षा द्यावी लागे. १८६९ मध्ये उत्तीर्ण झालेल्या चार भारतीयांत रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त व सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासमवेत श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मराठी तरुणही होते. वयाच्या हिशेबावरून सुरेंद्रनाथ व ठाकूर यांची निवड प्रथम रद्द झाली. चालू वर्ष धरून वय सांगण्याची भारतीय रीत आणि पूर्ण झालेली वर्षे मोजण्याची इंग्रजी रीत यांतील फरक त्यास कारणीभूत होता. पुढे दाद मागितल्यावर दोघांचीही निवड कायम झाली. १८७८ पासून वयोमर्यादा एकोणीस वर्षांवर आणण्यात आली. शिकवण्यांचा प्रभाव कमी व्हावा, हा या बदलाच्या समर्थनार्थ पुढे केला गेलेला एक युक्तिवाद होता. भारतीयांच्या वाटेत मात्र त्यामुळे मोठीच धोंड निर्माण झाली. घोकंपट्टीला आळा घालण्यासाठी योजलेला उपाय प्रत्यक्षात दुर्बळ उमेदवारालाच जाचक ठरतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

उगम : जी. आर. ई.चा उगम कार्नेगी प्रतिष्ठानाच्या शिक्षणविषयक कार्यात आहे. या प्रतिष्ठानातर्फे विल्यम लर्नेड याने पेनसिल्व्हेनिया राज्यातील महाविद्यालयांची दीर्घ पाहणी केली होती. पदवीच्या अखेरच्या वर्षातील काही विद्यार्थ्यांपेक्षा शालेय विद्यार्थ्यांपैकी काहींचे ज्ञान अधिक असल्याचे तीत आढळले. महाविद्यालयात किती वर्षे काढली आणि किती विषय पार केले यांवरून ज्ञानाची कल्पना येत नाही, या निष्कर्षातून समान कसोटीची कल्पना पुढे आली. १९३७ मध्ये हार्व्हर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांच्या सहकार्याने ती प्रथम घेण्यात आली. गणित, भौतिकी, रसायनशास्त्र, जीवविज्ञान, सामाजिक शास्त्रे, साहित्य, ललित कला अशा अनेक क्षेत्रांतील ज्ञान तीत पारखले जाई. चार वर्षांच्या शिक्षणाचा हा ताळेबंद असल्याने चार आठवड्यांत त्याची तयारी करणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९४४ च्या कायद्यामुळे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी शासकीय साहाय्य मिळू लागले व विद्यापीठांत प्रवेशेच्छूंची रीघ लागली. १९४७ च्या अखेरीस एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था स्थापन झाली आणि जी. आर. ई.चे संचालन तिच्याकडे आले. १९४९ मध्ये शाब्दिक व संख्यात्मक अशा दोन भागांची अभिक्षमता कसोटी प्रचारात आली. काय शिकला, यापेक्षा काय शिकू शकेल हे पाहणे, हा तिचा हेतू होता. विषयवार कसोट्या स्वतंत्रपणे चालू राहिल्या. परंतु बहुसंख्य उमेदवारांचा संबंध या सामान्य कसोटीशीच येऊ लागला. विरुद्धार्थी शब्द, शब्दांची सादृश्ये, वाक्यपूर्ती, उताऱ्यांचे आकलन, तसेच शालेय अंकगणित, बीजगणित व भूमिती हे तिचे घटक होते. ज्ञानाचा आवाका असा आटोपशीर झाल्याने आणि प्रश्नांचे साचे ठराविक बनल्याने थोड्या दिवसांच्या तयारीला वाव मिळाला. अभिक्षमता शिकवून येत नाही, असे म्हणत म्हणतच शिकवता येण्याजोगी कसोटी अस्तित्वात आली.

शिकवणी वर्गांचा उदय : स्टॅन्ली कॅप्लन याने १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील आपल्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवणी सुरू केली. तो स्थलांतरित कुटुंबातला असून वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला प्रवेश नाकारला होता. गावच्या छोट्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला नामांकित संस्थेच्या बरोबरीने उभे करण्याचे साधन म्हणून तो प्रमाणीकृत कसोट्यांकडे पाहत असे. १९४६ मध्ये त्याने महाविद्यालयीन प्रवेशकसोटीची शिकवणी सुरू केली व पुढे पदव्युत्तर कसोट्यांचे वर्गही काढले. १९७० नंतरच्या काळात त्याच्या वर्गांचे जाळे देशभर पसरले. कसोट्या घेणाऱ्या संस्था शिकवणी निरुपयोगी असल्याचे सांगत, तर वर्गात शुल्क भरून बसणारे उमेदवार उलट अनुभव सांगत.

या वादात अमेरिकी शासनाच्या फेडरल ट्रेड कमिशनने लक्ष घातले. त्याच्या १९७९ च्या अहवालात एका शिकवणी संस्थेच्या विद्यार्थ्यांचे गुण महाविद्यालयीन प्रवेशकसोटीच्या प्रत्येक भागात सरासरीने सुमारे २५ नी वाढल्याचे दिसून आले. २०० ते ८०० या मापश्रेणीवर ही वाढ नेत्रदीपक नव्हे. परंतु शिकवणीचा उपयोग शून्य, हे म्हणणे तिने अवघड केले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कसोटीतील प्रश्न व उत्तरे उमेदवारास उपलब्ध करून देण्याविषयीचा कायदा केला आणि १९८० पासून तो अंमलात आला. जुन्या प्रश्नपत्रिका पाहून सराव करणे ही भारतीय विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. अमेरिकेत मात्र प्रवेशकसोट्यांच्या बाबतीत तिच्यासाठी कायदा करावा लागला, ही बाब लक्षणीय आहे.

अवधी आणि फळ : तयारीचा अवधी व गुणवाढ यांच्या संबंधाचा सर्वांत चिकित्सक विचार सॅम्युएल मेसिक या मानसशास्त्रज्ञाने केला. तो स्वतः एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमध्येच काम करी. तोवर झालेल्या अभ्यासांचे पुनर्विश्लेषण त्याने १९८० मध्ये प्रसिद्ध केले. पुढील वर्षी अॅन युंगब्लट हिच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात त्याची अधिक मांडणी आहे. शिकवणीचे तास वाढतात त्या प्रमाणात गुण वाढत नाहीत. आरंभीच्या काही तासांत जी वाढ होते, तेवढीच पुन्हा मिळविण्यासाठी पुढे कितीतरी पट तास खर्चावे लागतात. प्रत्येक भागात सरासरी वीस ते तीस गुणांपलीकडे जायचे, तर लागणारा वेळ नियमित शालेय शिक्षणाच्या वेळेजवळ जाऊ लागतो, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय आहे. वेळेची चणचण असलेल्या उमेदवारास हा निष्कर्ष निराशाजनक वाटण्याचे कारण नाही. हाती थोडे दिवस असताना केलेली तयारी ही तासामागे सर्वांत अधिक फळ देणारी तयारी असते, असाही त्याचा अर्थ होतो.

जी. आर. ई.च्या इतिहासात या प्रश्नाचा उलगडा आणखी ठळकपणे झाला. १९७७ च्या ऑक्टोबरपासून तीत शाब्दिक व संख्यात्मक भागांच्या जोडीला विश्लेषणात्मक हा तिसरा भाग घालण्यात आला. त्यातील प्रश्नांची धाटणी उमेदवारांना अपरिचित होती. दिलेल्या प्रसंगाची संभाव्य स्पष्टीकरणे क्लिष्ट सूचनांनुसार वर्गीकृत करणे, वर्तुळाकृतींवरून पदार्थवर्गांचे परस्परसंबंध ओळखणे, अशा प्रकारचे हे प्रश्न होते. स्पेन्सर स्विंटन आणि डॉनल्ड पॉवर्स या त्याच संस्थेतील संशोधकांच्या प्रयोगांतून थोड्या तासांच्या मार्गदर्शनानेही या भागातील गुण लक्षणीय वाढतात, असे सिद्ध झाले. सूचना एकदा समजल्या आणि साचा ओळखीचा झाला, की निम्मे काम झाले, असाच तो प्रकार होता. परिणामी १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये हे दोन प्रश्नप्रकार वगळण्यात आले. शाब्दिक व संख्यात्मक भागांवर शिकवणीचा परिणाम अल्प असतो, हे पॉवर्सच्या १९८५ च्या अभ्यासातही कायम राहिले. आपलीच कसोटी अल्प तयारीला वश होते हे संस्थेच्या संशोधकांनी दाखवावे आणि संस्थेने कसोटी बदलावी, ही घटना तिच्या प्रामाणिकपणाची द्योतक म्हटली पाहिजे. मात्र मधल्या चार वर्षांत ज्यांना मार्गदर्शन मिळाले नाही, त्या उमेदवारांचे गुण तसेच राहिले.

अल्प मुदतीत काय साधते व काय साधत नाही, हे यावरून बरेचसे ठरविता येते. प्रश्नांचे साचे, सूचनांची भाषा, वेळेची वाटणी आणि शाळेनंतर विसरलेले गणित या गोष्टी तीन-चार आठवड्यांत हाती येतात. वाचनाचा वेग, परिच्छेदातील युक्तिवाद पकडण्याची सवय आणि शब्दांच्या अर्थच्छटांची जाण या गोष्टी वर्षानुवर्षांच्या वाचनातून येतात. त्यांना आडवाट नाही. उपलब्ध वेळ कसा वापरावा, याविषयी मात्र स्मृतीच्या मानसशास्त्राचा आधार मिळतो. एकाच बैठकीत केलेल्या पुष्कळ आवृत्त्यांपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेल्या थोड्या आवृत्त्या अधिक टिकतात, हे हेर्मान एबिंगहाउस याने स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखविले. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणे अधिक गुणकारी असते, हे आर्थर गेट्स याच्या १९१७ च्या व हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. आदल्या रात्रीचे जागरण सर्वांत कमी उपयोगी, हे अनुभवी विद्यार्थ्यास मानसशास्त्राविनाही ठाऊक असते.

संगणकाधिष्ठित कसोटी : १९९२ पासून कसोटी संगणकावर देण्याची सोय झाली आणि १९९३ च्या अखेरीस तिचे समायोजी रूप आले. यात आधीचे उत्तर बरोबर आल्यास पुढील प्रश्न अधिक कठीण, चूक आल्यास सोपा, अशी निवड संगणक करी. वर्षातून मोजक्या ठराविक दिवशी होणारी परीक्षा त्यामुळे बहुतेक केव्हाही देता येऊ लागली. वेळापत्रक उमेदवाराच्या हाती आले, हा या बदलाचा मोठा लाभ होय. त्याची दुसरी बाजूही होती. तेच प्रश्न निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या उमेदवारांपुढे येत असल्याने ते लक्षात ठेवून इतरांना सांगणे शक्य झाले. १९९४ च्या अखेरीस कॅप्लनच्या संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना कसोटीस बसवून आणि त्यांनी आठवणीतून उतरविलेले प्रश्न संचालक संस्थेपुढे ठेवून हे छिद्र उघड केले. संचालक संस्थेने संगणकीय कसोटी काही काळ आवरती घेतली व कॅप्लनच्या संस्थेवर दावा दाखल केला. २००२ मध्ये हाच प्रश्न पूर्व आशियात उद्भवला. चीन, तैवान व दक्षिण कोरिया येथील उमेदवार प्रश्न जमवून ते संकेतस्थळांवर प्रसृत करीत असल्याचे आढळल्यावर तेथे पुन्हा कागदावरील परीक्षा सुरू करण्यात आली. केव्हाही परीक्षा देण्याची सोय तेथील उमेदवारांना त्यामुळे गमवावी लागली.

समायोजी कसोटीत मागील प्रश्नाकडे परतता येत नसे. सोपे प्रश्न आधी सोडवून कठीण प्रश्न शेवटी ठेवण्याची शाळेपासूनची सवय तेथे निरुपयोगी ठरे. आरंभीचे प्रश्न चुकल्यास गुण घसरतात, तेव्हा त्यांवर अधिक वेळ द्यावा, असा सल्ला शिकवणी वर्गांतून रूढ झाला आणि कित्येकांची शेवटच्या प्रश्नांसाठी धांदल उडू लागली. २०११ च्या ऑगस्टमध्ये कसोटीची फेररचना झाली, तेव्हा एका विभागाच्या आत मागेपुढे जाण्याची मुभा देण्यात आली. गुणांची श्रेणी १३० ते १७० अशी बदलली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विरुद्धार्थी शब्द व सादृश्ये वगळण्यात आली आणि शब्द संदर्भासह पारखले जाऊ लागले. विश्लेषणात्मक भागाची जागा २००२ मध्येच निबंधलेखनाने घेतली होती.

भारतीय व मराठी उमेदवार : महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालये मोठ्या संख्येने निघाली आणि काही वर्षांतच अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढली. मुंबई, पुणे, नागपूर येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास संख्यात्मक भागाची धास्ती सहसा नसे. खरी अडचण शाब्दिक भागाची होती. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यासही व्यवहारात कधी न आढळणारे शब्द त्यात येत. हजारो शब्दांच्या छापील याद्या, जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस अर्थ लिहून त्या लोकलच्या प्रवासात उलटणे, वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून मिळालेल्या जीर्ण पुस्तकांचा वारसा पुढे देणे, ही या काळातील तयारीची परिचित चित्रे होत. पाठांतराची परंपरा येथे कामी आली खरी. परंतु अर्थ पाठ असूनही वाक्यात शब्द बसविता न येणे, हा तिचा ठरलेला दोषही दिसून आला. २०११ च्या बदलाने याद्यांचे महत्त्व कमी झाले. उपसर्ग व धातू यांवरून शब्द उलगडण्याची लॅटिन-ग्रीक पद्धत मात्र संस्कृतचा अल्प परिचय असलेल्या मराठी विद्यार्थ्यास चटकन उमगते. ‘हार’ या एका शब्दापासून प्रहार, आहार, संहार, विहार कसे होतात, हे त्याने शाळेतच शिकलेले असते.

वेळेचा पेच येथे विद्यापीठांच्या वेळापत्रकातून निर्माण होतो. अमेरिकेतील वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होत असले, तरी बहुसंख्य विभागांना अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीपर्यंत हवे असतात. त्यामुळे अंतिम वर्षातील विद्यार्थ्यास सहाव्या सत्राची परीक्षा आटोपल्यापासून सातव्या सत्राच्या परीक्षेपर्यंत कसोटी, इंग्रजी भाषेची वेगळी परीक्षा, शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र हे सर्व उरकावे लागते. विद्यापीठाची परीक्षा लांबली, निकाल उशिरा लागला किंवा प्रकल्पाचे काम अंगावर आले, की कसोटीसाठी राखलेले दोन महिने तीन आठवड्यांवर येतात. नोकरी करीत तयारी करणाऱ्याची स्थिती याहून बिकट असते. त्याच्या हाती शनिवार-रविवार आणि पहाटेचा तास-दीड तास एवढेच उरते. कसोटी पुन्हा देता येते, पण दोन प्रयत्नांत किमान २१ दिवसांचे अंतर असावे लागते आणि शुल्क प्रत्येक वेळी नव्याने भरावे लागते. ज्याला पहिल्याच प्रयत्नावर भिस्त ठेवावी लागते, त्याच्यासाठी अपरिचित साच्यामुळे गेलेला एक गुणही महाग पडतो.

अशा उमेदवारांच्या अनुभवातून एक क्रम सामान्यतः रूढ झाला आहे. आरंभीच पूर्ण नमुना कसोटी घड्याळ लावून सोडवायची, तीत उघड झालेल्या दोन-तीन उणिवांवरच भर द्यायचा, रोज थोडे शब्द नवे आणि अधिक शब्द जुने घ्यायचे, चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवायची आणि शेवटच्या आठवड्यात नवीन काही हाती न घेता पुन्हा पूर्ण कसोट्या द्यायच्या. सगळे पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढण्याचा शिरस्ता येथे घातक ठरतो. कारण पुस्तक अर्ध्यावर असतानाच परीक्षेचा दिवस उजाडतो. अधिकृत नमुना कसोट्यांपैकी काही विनामूल्य मिळतात आणि निबंधाच्या विषयांची संपूर्ण यादीही आगाऊ प्रसिद्ध असते, ही माहिती शुल्क भरून वर्गाला जाऊ न शकणाऱ्या उमेदवारांपर्यंत बरेचदा उशिरा पोहोचते.

अलीकडील स्थिती : २०२० मध्ये करोना साथीच्या काळात घरी बसून कसोटी देण्याची सोय झाली. २०२३ च्या सप्टेंबरपासून कसोटीचा अवधी सुमारे पावणेचार तासांवरून १ तास ५८ मिनिटांवर आणण्यात आला. तीत ३० मिनिटांचा एक निबंध, २७ शाब्दिक व २७ संख्यात्मक प्रश्न असतात. सलग बसण्याची दमछाक त्यामुळे कमी झाली. पण प्रश्नांची संख्या घटल्याने प्रत्येक चुकीचे वजन वाढले. दरम्यान विद्यापीठांतूनच कसोटीविषयी शंका घेतली जाऊ लागली होती. स्त्रिया व अल्पसंख्य गटांतील उमेदवारांना ती प्रतिकूल ठरते आणि पुढील संशोधनातील यशाचे भाकीत तीवरून नीट करता येत नाही, असे आक्षेप घेतले गेले. २०१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रथम जीवविज्ञानाच्या व नंतर इतर विषयांच्या अनेक विभागांनी तिची सक्ती उठविली. अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या काही विभागांत गुण ऐच्छिक झाले आहेत. ऐच्छिक गुण पाठवावेत की नाही, याचा निर्णय हाताशी असलेले आठवडे आणि नमुना कसोटीतील गुण पाहून उमेदवारालाच घ्यावा लागतो.